पाटीवर नसलेलं वाक्य

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कोणी ऐकलेली नाही. म्हणजे — ऐकली आहे, कितीतरी लोकांनी ऐकली आहे, पण मी सांगितली तशी. घडली तशी कोणीच नाही. बायकोनेही नाही. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा मन हिंडत हिंडत त्या दुपारपाशी येतं, आणि मी घाईघाईने श्वासाकडे वळतो. आत, बाहेर. आत, बाहेर. म्हणजे स्वतःलाही सांगितली नाहीच म्हणा.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक असेल.

मी वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत राहतो. आंजीच्या बाजूला एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. मला बोलता येतं — हे आधी सांगायला हवं, कारण सगळं त्यातूनच झालं. जयंतीचं भाषण असो, कोणाची शोकसभा असो, लोक माझ्याकडे बघतात. माईक हातात आला की माझा आवाज थोडा खाली उतरतो, शब्दांच्या मध्ये जागा पडते, आणि समोरची माणसं पुढे झुकतात. ते झुकणं मला फार आवडायचं. आवडायचं? नाही — अजूनही आवडतं.

माझा थोरला भाऊ याच्या उलट. सुधाकर त्याचं नाव, मी दादा म्हणायचो. सहा वर्षांनी मोठा. आमचे वडील एका व्यापाऱ्याकडे कापसाची ओझी वाहायचे. त्या घरी तहान लागली तर ओंजळ पुढे करायची आणि वरून पाण्याची धार यायची, भांड्याला हात लागता कामा नये. मी हे नुसतं ऐकलेलं. दादाने पाहिलेलं. लहानपणी तो वडिलांचा डबा घेऊन जायचा तेव्हा पाहिलेलं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, पण आमच्या घरी पाहुणा आला की पाण्याचा पेला दादा स्वतः नेऊन त्याच्या हातात द्यायचा — खाली ठेवायचा नाही.

आयटीआय करून तो दूर, दुसऱ्या राज्यातल्या एका अणुवीज केंद्रात कामाला लागला. तिथे त्याचं काम काय होतं? दाराशी उभं राहायचं. आतून बाहेर येणाऱ्या प्रत्येक माणसाला यंत्रावर उभं करायचं — हात पुढे, पाय खाली — आणि अंगावर किरणोत्सारी कण चिकटलेला नाही ना, ते तपासायचं. प्रत्येकाच्या छातीवर एक छोटा बॅज असायचा, कोणाच्या अंगात किती किरण गेले ते सांगणारा; त्यांची नोंदही दादाकडेच. सुट्टीवर आला की अंगणात बाजेवर बसून सांगायचा, हळूहळू, जणू दुसऱ्या कोणाबद्दल सांगतोय.

"हात पुढं करा म्हंतो मी. आन मोठमोठे सायेब हात पुढं करतेत. हिरवा लाइट लागला का जा, नाई लागला का परत धुऊन ये. काऊन म्हणून कोणी नाई विचारत मले."

हे सांगताना तो हसायचा नाही. पण त्याची पाठ सरळ व्हायची. कोण शुद्ध आणि कोण नाही, हे आमच्या बापाचा मुलगा यंत्र पाहून सांगत होता, आणि जातीचा, हुद्द्याचा त्यात काही संबंध नव्हता — ही गोष्ट मला तेव्हा कळली होती का? कळली होती. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

एकदा त्याला आतलं पाण्याचं मोठं टाकं पाहायला मिळालं. वापरून झालेलं इंधन तिथे पाण्याखाली, खूप खोल ठेवलेलं असतं. त्या पाण्याला निळा उजेड असतो. मी शाळेत त्याचं कारण शिकवू शकलो असतो, पण पाहिलेलं नव्हतं. दादाने पाहिलं होतं. "आभाळाचा निळा नाई तो," तो म्हणाला, "जसं पान्याले सपन पडून राह्यलं." लिंबाची पानं त्याच्या अंगावर पडत होती. त्यानंतर कितीतरी वेळा तो उजेड माझ्या झोपेत आला आहे. मी काठावर उभा असतो, आणि खाली, फार खाली, कोणीतरी शांतपणे चालत असतं.

तो तिथली स्तुतीच करायचा असं मात्र नाही. मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाला, वाटते, ज्याला भीती वाटत नाही त्याला तिथे ठेवूच नये. एकदा दोन मजुरांच्या कपड्यांवर आतलं पाणी सांडलं होतं. वरचा माणूस म्हणत होता, पाळी संपली, जाऊ दे त्यांना. दादाने जाऊ दिलं नाही. कपडे उतरवले, अंघोळी घातल्या, सगळं वहीत लिहिलं, आणि त्या लिहिण्यापायी पुढे दोन महिने बोलणी खाल्ली. कंत्राटी मजुरांचे बॅज कोणी नीट पाहत नाही, याची त्याला खंत होती. तिथलं बरं आणि तिथलं वाईट, दोन्ही त्याच्याजवळ होतं. डोळ्यांनी पाहिलेलं.

आणि खर्रा होता. सुपारी, तंबाखू, चुना — प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला. आमच्याकडे कोणाच्या खिशात नसतो? दादाला पंधराव्या वर्षापासून लागलेला. तिथे आत खायला मनाई, म्हणून बाहेर पडल्या पडल्या तोंडात. अकरा वर्षांच्या नोकरीनंतर त्याच्या जिभेखाली गाठ आली. तो रजा घेऊन घरी आला, आणि इस्पितळात त्याच्यासोबत मीच होतो. डॉक्टरांनी तोंड तपासलं, दातांवरचा काळा थर पाहिला आणि सरळ विचारलं, किती वर्षं खाता? दादाने सांगितलं. तिथल्या नोकरीचं मीच काढलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, त्याच्या बॅजचे आकडे मागवून पाहिले, आणि म्हणाले — हे खर्ऱ्याचं आहे, दुसरीकडे शोधू नका. कागदावरही तेच लिहिलं. तो कागद मी वाचला. मीच फाइलला लावला.

जीभ काढावी लागली. उजवा जबडाही.

तो बोलणं तसंही कमीच करायचा, आता अजिबात नाही. प्रज्ञा, त्याची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. तिने आपली पाटी त्याला देऊन टाकली. काय हवं-नको ते दादा पाटीवर लिहायचा. अक्षर बारीक यायचं. मी घरात असलो की तो पाटी माझ्याकडे धरायचा आणि मी ते मोठ्याने वाचायचो — "पाणी दे म्हणतो", "पंखा बंद कर म्हणतो". माझा आवाज त्याच्या कामी येत होता. मला ते चांगलं वाटायचं. तोंडाभोवती तो नेहमी दुपट्टा गुंडाळून असायचा, म्हणजे समोरच्याला जबड्याची खोबण दिसू नये.

आता ती दुपार.

जपानमध्ये समुद्र जमिनीवर चढून आला होता आणि तिथलं केंद्र फुटलं होतं, त्याच्यानंतरचा हिवाळा. सगळीकडे तीच चर्चा — अणुवीज हवी की नको, सुरक्षित की नाही. आमच्या जिल्ह्यात तसं काही येणार होतं का? कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. हिंगणीच्या पलीकडे काही माणसं जीपमधून आली, तीन पायांवर दुर्बीण ठेवून मोजमाप केलं, मातीच्या पिशव्या भरून नेल्या. एवढंच. पण बोर धरणाच्या पाण्यावर अणुवीज केंद्र होणार, ही कुजबुज गावोगाव पसरली, आणि एका गावाने ठरवलं की दोन्ही बाजू समोरासमोर ऐकू. विरोधाच्या बाजूने मला बोलावलं.

मी विरोधात होतो, मनापासून होतो. तुम्हाला वाटेल आता हा म्हणेल की माझं मत खोटं होतं. नाही, ते खरं होतं. वापरलेलं इंधन हजारो वर्षं कोण सांभाळणार? धरणच आटलं तर? पळायची वेळ आली तर एवढ्या गावांना बाहेर काढायला गाड्या कुठून येणार? हे प्रश्न तेव्हाही खरे होते, आजही आहेत. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

त्या दिवशी सकाळी मी दादाकडे गेलो आणि म्हटलं, चल, तिथे लोकांना तुझं काम सांगू. तो इतका खूश झाला! वहिनीकडून पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला. पाटी ओल्या फडक्याने दोनदा पुसली. खिशात पेन्सिलीचे दोन तुकडे ठेवले — एक तुटला तर असू दे म्हणून. इतक्या वर्षांत त्याच्या कामाबद्दल कोणी त्याला चारचौघांत विचारलं नव्हतं. स्कूटरवर माझ्यामागे बसून येताना त्याचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि दोन्ही बाजूंना तुरीची शेतं पिवळी होऊन डोलत होती, आणि ऊन इतकं मऊ होतं की वाटे, हा रस्ता असाच चालू राहावा, कुठे पोचूच नये.

मांडव गुलाबी कापडाचा होता. उन्हामुळे आतल्या सगळ्यांचे चेहरे गुलाबी दिसत होते — पाण्यातून पाहावं तसे. समोरच्या बाजूने एक तरुण इंजिनिअर आला होता. बारीक, चष्मा, पायांत साध्या चपला. मी ठरवलं होतं की तो उर्मट असेल. तो नव्हता. माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्याने नीट उत्तर दिलं. जिथे ठाऊक नव्हतं तिथे ठाऊक नाही म्हणाला. आणि मला दिसायला लागलं — मांडव त्याच्याकडे झुकतोय. कोणी रोजगाराचं विचारलं, कोणी विजेचं. तुम्हाला माहीत आहे का ते? आपल्याच माणसांसमोर आपला आवाज आपल्याच कानाला पातळ लागायला लागतो ते?

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी उभी राहिली. पांढरं नेसलेली, कमरेत वाकलेली. म्हणाली, "बापा, हे आकडे आमाले नाई समजत. तिथं काम केलेला एखादा मानूस असन त त्याले बोलवा. त्याच्याकडून आयकू."

मी मागे वळलो. दादा मांडवाच्या खांबापाशी बसला होता, पाटी मांडीवर. त्याने ते ऐकलं होतं आणि तो उठतच होता — स्वतःहून. मी त्याच्यापाशी गेलो. आणि —

हे लिहिताना हात थांबतो. पण लिहितो.

— आणि मी त्याचा दुपट्टा सोडला. माझ्या हातांनी, हळुवार, जणू लहान मुलाचं काहीतरी सैल करावं तसा. गरम होत असेल, म्हणालो. हिवाळा होता. दादाने माझ्याकडे पाहिलं, थोडा गोंधळला, पण काढू दिला. धाकटा भाऊ करतोय म्हणजे काही असेल.

मी त्याला हाताला धरून वर नेलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. मी माईक घेतला, आवाज खाली उतरवला, आणि म्हणालो — हा माझा सख्खा भाऊ. अकरा वर्षं अणुवीज केंद्रात होता. बघा. बस, एवढंच. खोटं असं एक अक्षर नव्हतं त्यात. केवढं सफाईदार!

दादाने समोर पाहिलं, माणसांचे चेहरे पाहिले, आणि त्याला कळलं की ते काय समजतायत. तो मूर्ख नव्हता. त्याने घाईघाईने पाटीवर लिहिलं. पेन्सिल खरंच तुटली, दुसरा तुकडा काढून पुरं केलं. आणि घरी धरायचा तशीच पाटी माझ्याकडे धरली. मोठ्याने वाच म्हणून.

पाटीवर होतं: "हे खर्ऱ्यानं झालं. तिथलं विचारा. सांगतो."

मी माईकमध्ये वाचलं: "माझ्यासारखं कोणाचं होऊ नये."

हेच ते. हेच मी कोणाला सांगितलेलं नाही.

अक्षर बारीक होतं, पुढच्या रांगेलाही दिसलं नसेल. दादाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पाटी त्याच्या हातातून घेतली — लोकांना वाटलं, मायेने घेतली — आणि शर्टाच्या बाहीने पुसली. तो मान हलवायला लागला, जोरजोराने, नाही, नाही. गळ्यातून आवाज काढायचा प्रयत्न करत होता. मांडवात हुंदके फुटले. ती म्हातारी खाली बसली आणि कपाळ बडवायला लागली. इंजिनिअर आपल्या जागेवरून उठला, आला, आणि वाकून दादाच्या पायांना हात लावला. "माफ करा," म्हणाला. दादा त्याला दोन्ही हातांनी वर उठवत होता, मान हलवत होता, आणि सगळ्यांना वाटलं की हा क्षमाही करतो आहे.

त्या मांडवात तिथलं खरं सांगू शकणारा एकच माणूस होता. भीतीही सांगितली असती त्याने, आणि नियमही. सांडलेलं पाणी, ती वही, मजुरांचे बॅज — माझ्या बाजूला लागेल असंही कितीतरी. मी त्यालाच गप्प केलं. जीभ तर डॉक्टरांनी काढली होती. उरलेलं मी काढलं.

परत येताना स्कूटरवर त्याने मागची कडी धरली होती.

मी वाट पाहत राहिलो — आज लिहील, उद्या लिहील. तो पाणी, मीठ, औषध, एवढंच लिहायचा. वहिनीलाही त्याने सांगितलं नाही, हे मला तिच्या वागण्यावरून कळत होतं. का नाही सांगितलं? मी त्याचा भाऊ होतो म्हणून? एके दिवशी, महिना झाला असेल, आम्ही दोघंच अंगणात होतो. त्याने पाटी ओढली, लिहिलं आणि माझ्यापुढे ठेवली. "तू हारून राह्यला होता ना?"

मी मानेनेच हो म्हटलं. त्याने पुसलं. आभाळात बगळ्यांची एक ओळ चालली होती, तिच्याकडे पाहत बसला. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही.

तुम्ही म्हणाल, मग झालं तर. नाही झालं.

वर्तमानपत्रात फोटो आला. दादाचा उघडा चेहरा, शेजारी मी, डोळ्यांत पाणी. खाली ते वाक्य, अवतरणचिन्हांत, त्याच्या नावावर. कात्रण घरोघर फिरलं. आणि मग हळूहळू, कोणी वाईटपणाने नाही, नुसतं भीतीने — लोक त्याच्या घरापासून सरकायला लागले. एका शेजारणीने वहिनीला हळूच विचारलं, भाऊजींचे कपडे वेगळे धुता ना? वहिनी ब्लाउज शिवायची, ते येणं कमी झालं. प्रज्ञाच्या शेजारी शाळेत कोणी डबा उघडेना. किरण असे एका अंगातून दुसऱ्या अंगात जात नाहीत, हे मी वर्गात शिकवत होतो. त्याच महिन्यात शिकवत होतो.

पौर्णिमेला विहारात वहिनीने खीर नेली. मोठं पातेलं. सगळ्यांनी नमस्कार केला, वंदना झाली, आणि पातेलं तसंच राहिलं. कोणी नको म्हणालं नाही. सगळ्यांचं पोट भरलेलं होतं. दादा भिंतीला टेकून बसला होता आणि त्या पातेल्याकडे पाहत होता. मला वडिलांची ओंजळ दिसली — मी कधी न पाहिलेली. आणि तेही आमच्याच विहारात, आमच्याच माणसांकडून, माझ्या एका वाक्यामुळे. उठून एकच वाक्य बोलायचं होतं मला. बोलणं तर माझं कामच. मी काय केलं? मी तीन वाट्या खीर खाल्ली. सगळ्यांसमोर, चाटूनपुसून. बोललो मात्र नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात दुखणं उलटलं आणि दादा गेला. सकाळची वेळ होती, धुकं होतं. माणसं आली, आली नाहीत असं नाही. पण चिता पेटल्यावर मी पाहिलं — वारा कुठून येतोय ते बघून ती एकेक करून दुसऱ्या बाजूला सरकली. धूर अंगावर येऊ नये म्हणून. धुराच्या बाजूला वहिनी, प्रज्ञा आणि मी. पांढऱ्यात पांढरं मिसळत होतं, काही दिसत नव्हतं, आणि मला कितीतरी वेळ वाटत राहिलं की हे मी झोपेत पाहतोय.

ते मोजमाप करणारे लोक पुन्हा आले नाहीत. ते कशासाठी आले होते, तेही कधी कळलं नाही. कोणी म्हणतं कालव्यासाठी.

मी मात्र बोलत राहिलो. इकडे तिकडे बोलावणी यायची, अजूनही येतात. आता तर छोट्या छोट्या अणुभट्ट्यांची चर्चा चालू आहे, तरुण मुलं विचारतात, सर, तुमच्या भावाची ती गोष्ट सांगा. मी सांगतो. गेल्या महिन्यातही सांगितली. सांगताना माझे डोळे भरतात, आणि ते पाणी खरं असतं. हे कसं काय, मला समजत नाही.

प्रज्ञा फिजिक्स शिकली. मला न विचारता शिकली. यंदा उन्हाळ्यात एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि टेबलावर पत्र ठेवलं — एका अणुवीज केंद्रात प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती. दादाचं ते केंद्र नव्हे, दुसरं. वहिनी जाऊ देत नव्हती. वहिनीचं म्हणणं, डॉक्टर काहीही म्हणोत, आतलं त्यालाच ठाऊक. त्याने चार लोकांसमोर लिहून सांगितलं, आता तू गेलीस तर त्याच्या शब्दाबाहेर गेलीस.

प्रज्ञा खिडकीजवळ उभी होती. पाठ दादासारखी सरळ. म्हणाली, "काका, तुमीच वाचली होती पाटी. बाबानं खरंच तेच लिवलं होतं का? तसं नसन त मले सांगा. मी जातो."

आमच्याकडे मुलीही कधी कधी असं बोलतात, जातो, येतो. लहानपणापासूनची तिची सवय. माझ्या मनात आलं, किती सोपं आहे हे. एक शब्द. खोलीत दुसरं कोणी नाही, माईक नाही, हरण्यासारखं काही नाही. बाहेर कूलरचं पाणी थेंबथेंब पडत होतं. ती वाट पाहत होती.

मी म्हणालो, "हो बेटा. तेच लिहिलं होतं."

तिने पत्राची घडी घातली. माझ्या बायकोने दिलेलं पन्हं प्यायली, पेला स्वतः धुऊन ठेवला, आणि गेली. रुजू व्हायची तारीख आली आणि गेली. आता ती वर्ध्यात एका शिकवणी वर्गात दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. चांगलं शिकवते म्हणतात.

हरण्यासारखं काहीच नसताना मी ते का बोललो, याचं उत्तर माझ्याजवळ आहे, पण ती सबब आहे, आणि सबबी द्यायच्या नाहीत असं ठरवून मी हे लिहायला बसलो होतो.

वहिनीचं घर आमच्यापासून चार घरं सोडून आहे. हे लिहीत असताना आज प्रज्ञा दोनदा दारावरून गेली — एकदा दूध घेऊन, एकदा रिकाम्या हाताने. दुसऱ्या वेळी तिने आत पाहिलं आणि हात केला. मीही केला. हाक मारली नाही.